शोभाताईंच्या कामाचं नाव

शोभाताई मेश्राम पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरला लिफ्ट नाही. तीन जिने चढून त्या दारात उभ्या राहिल्या, पाणी नको म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी कामाचं काढलं.

"तू घरबसल्या वेबसाइट करून देते म्हणे. माझी कर. आणि सगळं घाल हं, काही सोडू नको."

पिशव्यांमधून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. शिवलेले ब्लाउज, पडद्याच्या कापडाचे तुकडे, शाळेच्या नाटकासाठी केलेला पोपटाचा ड्रेस, चकल्यांचा डबा, शेवेचं पाकीट. लहान मुलांना मराठी शिकवते म्हणून एक अंकलिपीसुद्धा होती. टेबल भरलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता यातलं काहीतरी मला पसंत पडायलाच हवं.

त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. यजमान दिल्लीत एका मंत्रालयात नोकरीला होते आणि लग्नानंतरची सगळी वर्षं ताईंनी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये काढली. यजमान ऑफिसातच छातीत कळ येऊन गेले. नियमाप्रमाणे काही काळ राहू दिलं, मग क्वार्टर सोडावं लागलं. मुलगी प्रज्ञा कॉलेजात होती. मायलेकींनी फरीदाबादला एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पेन्शन भाड्यातच जायची. बाकीचं सगळं शोभाताईंच्या शिलाई मशीनवर होतं.

त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. 'नाही' हा शब्द त्यांना परवडत नव्हता, असंच म्हणायला हवं. कुणी विचारलं, "सोफ्याची कव्हरं होतील का?" की या म्हणायच्या, "बिल्कुल!" "कुर्त्यावर कशिदा?" "बिल्कुल!" "लग्नाचं रुखवत?" "बिल्कुल, उसमें क्या है!" आणि फोन ठेवला की डोक्याला हात लावून बसायच्या. "आता हे कसं करतात गं? मला तर येत नाही."

माणसांकडे बघायची त्यांची एक तऱ्हा होती. मेट्रोत समोर बसलेल्या बाईकडे त्या टक लावून बघत राहायच्या आणि माझ्या कानात सांगायच्या, "तिचा डावा खांदा बघ, उतरलाय. ब्लाउज मागून चढत असेल तिचा." मी म्हणायची, "ताई, हळू." तर म्हणायच्या, "तिला कुठं मराठी कळतं?" भर जूनमध्येसुद्धा साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, जरा सैल करा, घामाने भिजलात. त्या म्हणाल्या, "सवय आहे."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी वेबसाइट केली. नाव त्यांनीच दिलं, 'शोभा सर्व्हिसेस'. मी समजावून बघितलं. म्हटलं, "ताई, पान उघडलं की माणसाला लगेच कळायला हवं, इथे काय मिळतं. यात ब्लाउज आहे, चकली आहे, शिकवणी आहे. बघणाऱ्याने काय समजायचं?"

"दुकानात नाही का सगळं ठेवत?"

"दुकानावर पाटी एक असते ना."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुझं पटतं मला. पण एक काढलं आणि नेमकं तेच चालणार असेल तर? राहू दे यार. एखादं तरी चालेल."

'एखादं तरी चालेल.' हे वाक्य मी पुढे खूप वेळा ऐकलं.

साइट सुरू झाल्यावर रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. "किती जणांनी बघितलं?" मी आकडा सांगायची, त्या खूश व्हायच्या. काही दिवसांनी मी नीट तपासलं. बघणारे जवळजवळ सगळे फरीदाबादचे होते, आणि खरं तर दोनच फोनवरून. एक ताईंचा, दुसरा प्रज्ञाचा. मी त्यांना ते सांगितलं. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "म्हणजे मीच माझी गिऱ्हाईक. चलो, कोणी तर आहे."

त्याच वर्षी मोदकांचं झालं. आमच्या भागातल्या गणपती मंडळाने साइट बघितली, फराळाचे फोटो बघितले आणि विचारलं, उकडीचे मोदक कराल का? साइटवरून आलेली ती पहिली ऑर्डर. ताईंनी अर्थातच बिल्कुल म्हटलं. त्यांच्या घरी गणपती बसत नाही. त्या दर रविवारी बुद्धविहारात वंदनेला जाणाऱ्या, आणि मोदक त्यांनी जन्मात वळलेले नव्हते. मला म्हणाल्या, "विहारातल्या बायका हसतील मला. हसू दे. पीठ तर तांदळाचंच आहे नं?"

मोबाईलवर बघून बघून त्या शिकल्या. ठरल्या दिवशी फरीदाबादहून रिक्षाने निघाल्या. बदरपूरला जाम लागला आणि दुपारच्या उन्हात डबा मांडीवर घेऊन त्या अडकल्या. मी मंडपात वाट बघत होते. त्या आल्या तेव्हा डबा दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

मंडळाचे एक काका झाकण उघडायला पुढे आले, तशा ताई मागे सरकल्या. "नका उघडू."

"अहो ताई, नैवेद्याला हवेत."

"फुटले हो. सगळे फुटले."

काका सज्जन होते. म्हणाले, "चवीला चांगलेच असतील, काळजी करू नका," आणि त्यांनी लगेच कुणाला तरी बाजारातून पेढे आणायला पाठवलं. ताई मंडपाच्या कडेला उभ्या राहिल्या. आरती सुरू झाली. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्या डबा छातीशी धरून उभ्या होत्या, घरी जायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. फलाटावर त्या म्हणाल्या, "ओरडले असते तर बरं झालं असतं."

नंतर एकदा साइटसाठी नवे फोटो काढायला मी फरीदाबादला गेले. जिना अरुंद होता, वरच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि एका कोपऱ्यात जाड पडदा. आम्ही फोटो काढत होतो तेवढ्यात खालून मोटरसायकलचा आवाज आला. एक हरियाणवी बाई वर आली. डोक्यावरून पदर, हातात साधी कापडी पिशवी. नवरा खालीच थांबला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती दारातच अडखळली.

"अपनी ही है," ताई म्हणाल्या. "आ जाओ."

दोघी पडद्याआड गेल्या. हळू आवाजात बोलणं चाललं होतं. बऱ्याच वेळाने ती बाई बाहेर आली, आरशासमोर उभी राहिली. आधी पुढून बघितलं, मग बाजूने. मग पाठ ताठ केली. डोक्यावरचा पदर काढून तिने खांद्यावर टाकला आणि विचारलं, "दीदी, पता तो नहीं चल रहा?"

"किसी को नहीं चलेगा."

ती बाई खाली गेली. मी खिडकीतून बघितलं. मोटरसायकलवर बसायच्या आधी ती नवऱ्यासमोर क्षणभर तशीच उभी राहिली, त्याने बघावं म्हणून. त्याने बघितलं आणि तोंड दुसरीकडे वळवून डोळे पुसले.

"कोण होती?" मी विचारलं.

ताई मशीनवर बसल्या होत्या. "कॅन्सरचं ऑपरेशन झालेली. एक बाजू काढून टाकतात, माहीत आहे नं? मग ब्लाउज त्या बाजूने रिकामा लोंबतो. बाई वाकून चालायला लागते. खांदा वर जातो." एक मऊ, गोलसर उशीसारखं काहीतरी त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "आत कापूस आहे आणि वजनाला बारीक काचमणी. नुसता कापूस घातला तर ती बाजू वर सरकते. वजन पाहिजे."

हॉस्पिटलमधली एक नर्स त्यांच्याकडे अशा बायकांना पाठवायची. तोंडातोंडी एकीने दुसरीला सांगायचं.

मी म्हटलं, "ताई, हे साइटवर का नाही?"

"ते नाही घालायचं."

"अहो, ब्लाउज तर गल्लीगल्लीत शिवून मिळतात. हे कोण करतं? हेच एक लिहू या. बाकी सगळं काढून टाकू."

ताईंचा चेहरा एकदम बदलला. "नाही म्हटलं नं. सगळं घाल, हे सोडून." त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच 'नाही' ऐकत होते. मला वाटलं, त्या बायकांची लाज म्हणून. मी विषय सोडला. नंतर बरेच दिवस त्यांचा फोन आला नाही.

आल्या त्या थेट एका दुपारी, हातात पिशव्या नव्हत्या. घरमालकाने भाडं वाढवलं होतं. प्रज्ञाची शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. विकण्यासारखं एक मशीन होतं आणि ते विकलं तर पुढे काहीच नव्हतं. टेबलाशी बसून त्या नखाने टेबलाचा कोपरा खरवडत राहिल्या.

"ऐक. ते लिहायचं ठरवलं तर लोक काय विचारतील? की तुम्हाला हे कसं येतं? त्या बायका पण पहिले हेच विचारतात. तुम्हाला काय माहीत आमचं दुःख, म्हणतात. मग मी पडद्याआड त्यांना दाखवते."

मला लगेच समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पदर फक्त डाव्या खांद्यावरून खाली सोडला.

"माझं पण झालंय. हे होते तेव्हाच. ह्यांना माहीत होतं. प्रज्ञा शाळेत होती, तिला सांगितलं की गाठ होती, काढली. पहिलं मी ह्यांच्या जुन्या बनियनचं केलं होतं. हुक लावता येत नव्हते मला, हात वर जायचा नाही. हे लावून द्यायचे, ऑफिसला जायच्या आधी. ओरडायचे, उशीर होतो म्हणून. पण लावून द्यायचे."

त्यांनी पदर पुन्हा खांद्यावर ओढून घेतला.

"हरियाणाच्या, यूपीच्या, कुठल्या कुठल्या बायकांना माहीत आहे. माझ्या पोरीला माहीत नाही. तू लिही म्हणते. लिहायचं तर पहिले तिला सांगावं लागेल."

त्यांनी प्रज्ञाला माझ्याकडेच बोलावून घेतलं. कॉलेजातून ती परस्पर आली, पाठीवर सॅक तशीच. मी बाहेर जाते म्हटलं तर ताईंनी माझा हात धरला. "चहा कर. इथंच राहा."

मी स्वयंपाकघरात होते, पण सगळं ऐकू येत होतं. ताईंनी अगदी थोडक्यात सांगितलं. मग प्रज्ञा म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणून ते मला मावशीकडे ठेवून गेले होते. गाठ आहे म्हणून."

"तू लहान होती."

"मी आता लहान आहे का, आई?" तिचा आवाज चढला. "हे घरात असतं तेव्हा मुलीने लवकर तपासून घ्यायचं असतं. तुला डॉक्टरांनी सांगितलं नाही? तुझी मुलगी आहे का, असं नाही विचारलं त्यांनी?"

चहा उतू गेला. मी बाहेर आले तेव्हा ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना कुणीतरी हे नक्की सांगितलं असणार, आणि त्या भीतीच्या दिवसांत ते त्यांच्या कानावरून गेलं असणार. पोरीला घाबरवायचं नाही, एवढाच विचार त्यांनी केला होता. त्या खुर्चीवरून उठल्या आणि प्रज्ञाच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "चल. आत्ता चल. कुठं जायचं ते सांग."

प्रज्ञा रडत होती, पण तिने आईला उठवलं. "उद्या जाऊ. ऊठ. जमीन गार आहे."

प्रज्ञाच्या तपासणीत काही निघालं नाही. पण तो कागद हातात येईपर्यंतचे दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. एकदा फोनवर म्हणाल्या, "मला झालं तेव्हा मी एवढी नव्हती घाबरली."

त्यानंतर आम्ही पान लिहायला बसलो. एकेक गोष्ट मी काढत गेले आणि प्रत्येक वेळी ताई खुर्चीत पुढे सरकायच्या.

"पडदे राहू दे."

"नाही, ताई."

"शिकवणी तरी? ते तर चांगलं काम आहे."

"चांगलं आहे. पण इथे नाही."

चकलीचा फोटो गेला तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. पोपटाचा ड्रेस गेला. पान पांढरं झालं, आणि त्या म्हणाल्या, "मला असं वाटतंय की कोणी घर रिकामं करतंय."

आता लिहायचं काय? मी आपली गुळमुळीत शब्द सुचवत होते, 'विशेष फिटिंग', 'शस्त्रक्रियेनंतरचे कपडे'. ताईंनी हात वर केला.

"कॅन्सर लिही."

"लोक बिचकतील."

"बिचकू दे. जिला पाहिजे ती हाच शब्द टाईप करते. मी पण केला होता. हॉस्पिटलमधून आल्यावर, बाथरूममध्ये बसून. काय आलं माहीत आहे? परदेशातल्या गोऱ्या बायकांचे हसरे फोटो आले. मला इथली, दिल्लीची कोणीतरी बाई पाहिजे होती, जी म्हणेल की इकडे ये."

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, मराठीत आणि खाली हिंदीत. 'स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी ब्लाउज आणि आतले कपडे मापाने शिवून मिळतील. माप मी स्वतः घेते. माझंही ऑपरेशन झालेलं आहे. खाली पाटी नाही, सरळ वर या.' शेवटी नाव, पत्ता आणि फोन. बस, एवढंच पान.

पुढे लगेच सगळं छान झालं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. झालं उलटं. गल्लीतल्या कुणीतरी ते पान बघितलं आणि बायका शिवायला टाकलेली कापडं परत न्यायला लागल्या. एकीने तर दारातूनच सांगितलं, "बुरा मत मानना दीदी, घर में छोटे बच्चे हैं." जणू हा आजार सुईदोऱ्यातून पसरतो. घरमालकीणबाईंनी जिन्यावर फिनाईल टाकायला सुरुवात केली. मग, दुसरी जागा बघा, म्हणून निरोप आला. नवीन फोन तर एकही नाही. मशीन नुसतं बंद.

ताई मला एकदाच म्हणाल्या, "आधी निदान चकली तरी होती." त्या सबंध काळात मी फोन वाजला की दचकायची.

मग एक फोन आला मेरठहून. एक पुरुष बोलत होता, इतक्या हळू की ताईंना वाटलं चुकीचा नंबर. बायकोसाठी विचारत होता. ती घराबाहेर पडतच नाही म्हणाला. ताई म्हणाल्या, "उनको फोन दो." पलीकडे नुसता श्वासाचा आवाज. ताई बोलत राहिल्या, स्वतःचं सांगत राहिल्या. त्या आठवड्यात नवरा-बायको दोघं आले. मग रेवाडीहून एक शिक्षिका आली. मग दिल्लीत उपचाराला आलेली परभणीकडची एक बाई आली, पानावर मराठी बघून. ती आत पाऊल टाकताच ताईंच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाई, इथं कुणाशी बोलूच शकत नव्हते हो." ताईंनी तिला जेवायला घातलं आणि माप दुसऱ्या दिवशी घेतलं.

जागा बदलली, पण ती त्याच गावात, रेल्वे लाइनच्या पलीकडे. मशीन विकावं लागलं नाही. प्रज्ञाची फी भरली गेली. बायका येत राहिल्या. ताई आता रस्त्यात कुणी सोफ्याच्या कव्हरांचं विचारलं तर सांगायच्या, "वो मैं नहीं करती." आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या.

हे फार दिवस चाललं नाही. ताईंची पाठ दुखायला लागली. मशीनवर बसून दुखते असं त्या म्हणत राहिल्या, आणि या वेळी प्रज्ञाने त्यांचं ऐकलं नाही. आजार हाडांत आला होता. डॉक्टर औषधं देत होते, पण त्यांच्या बोलण्यातला सूर आम्हाला कळत होता. जिना चढणं बंद झालं, मग मशीन बंद झालं. प्रज्ञाने नोकरीचा शोध थांबवला आणि आईला घेऊन भंडाऱ्याला मामाकडे जायचं ठरवलं. जायच्या आधी ताईंनी मला फोन केला.

"पानावरचा पत्ता बदल. भंडाऱ्याचा टाक. फोन तोच."

"ताई, तुम्हाला आता शिवायला होणार आहे का?"

"प्रज्ञाला शिकवते आहे. नाही जमलं तर बोलेन. बोलायला काय पाठ लागते? पण बाकी एक अक्षर हलवू नको."

ताई त्याच हिवाळ्यात भंडाऱ्यात वारल्या. प्रज्ञाने फोनवर सांगितलं तेव्हा मागे बायकांचा आवाज येत होता, कुठून कुठून आल्या होत्या म्हणाली. मला जाता आलं नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते निजामुद्दीन स्टेशनवर, नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत.

प्रज्ञाने त्यांना खिडकीजवळच्या बर्थवर उशा लावून बसवलं होतं. चेहरा एवढासा झाला होता. मी फलाटावर, त्या आत, मध्ये काच. बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघत होतो. गाडी सुटायच्या बेतात होती आणि त्यांचा फोन वाजला. प्रज्ञा घ्यायला गेली तर त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. कानाला लावला. ओठांवरून मला कळलं, 'कहाँ से बोल रही हो?' मग त्या सरळ होऊन बसल्या. डबा भरलेला होता. समोरच्या बर्थवर एक म्हातारे गृहस्थ, शेजारी एक कुटुंब, दारात हमाल. ताईंनी अंगावरची शाल बाजूला केली आणि पलीकडच्या त्या बाईला, जिला काही दिसत नव्हतं, स्वतःच्या छातीवर बोटं ठेवून माप दाखवायला लागल्या. इथून धरायचं. इथपर्यंत. मग काखेखालून मागे. सगळा डबा बघत होता. गाडी हलली. मी थोडं अंतर बरोबर चालले. त्या माझ्याकडे बघायचं विसरल्या होत्या.